पाण्यात उतरणाऱ्या सहाचाकी-आठचाकी गाडीला बिल्ज पंप बसवताना

माझ्या मामेभावाचं रान पानशेतच्या बॅकवॉटरच्या पलीकडच्या काठाला आहे, पावसाळ्यात तिकडं जायचं म्हणजे मोठा वळसा आणि शेवटचा कच्चा रस्ता तर चिखलानं बंदच, म्हणून त्यानं एक सेकंडहँड सहाचाकी अँफिबियस गाडी घेतली, आर्गो कंपनीच्या गाडीसारखी. जमिनीवर चालते, भाताच्या खाचरातल्या चिखलात चालते, आणि पाण्यात घातली की तरंगते आणि चाकं फिरवतच पुढं सरकते. धायरीला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे त्यामुळं गाडी पहिल्या दिवसापासून माझ्याच दारात.

एका ऑगस्टमध्ये आम्ही दोघं आणि मागं खताची चार पोती असं निघालो होतो. निम्म्या पाण्यात गेल्यावर मला पायाला गार लागलं. बघतो तर आत घोट्याएवढं पाणी, मागचा ड्रेनचा बूच दोनच आट्यांवर अडकवलेला आणि तो हादऱ्यानं निघून गेलेला. आत आलेलं पाणी बाहेर फेकणारा जो बिल्ज पंप, त्याचं बटण दाबलं, मोटर गुंगुं आवाज करतीये पण बाहेर थेंब नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यानं पाणी उपसत कसंबसं काठाला लागलो. घरी येऊन उघडलं तर पंपाच्या जाळीत भाताचा पेंढा गच्च, आणि त्याहून वाईट म्हणजे पाईप मधेच खाली लोंबत होता, तिथं जुनं पाणी साठून हवा अडकलेली. म्हणजे जाळी साफ असती तरी त्या पंपानं पाणी ओढलंच नसतं. त्या दिवसापासून मी हे काम नीट शिकून घेतलं, आत्तापर्यंत चार गाड्यांना पंप बसवलेत, आणि कुणाच्या जिवाशी संबंध असलेलं काम आहे म्हणून जे कळलं ते सगळं इथं लिहितोय.

आधी पाणी येतं कुठून ते बघा

या गाडीची बॉडी म्हणजे एक मोठं प्लास्टिकचं घमेलं, एचडीपीई, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या जातीचं प्लास्टिक. इंजिन, गिअरबॉक्स, चेन, सगळं या घमेल्याच्या आत. पण चाकं बाहेर, म्हणजे प्रत्येक चाकाचा अ‍ॅक्सल घमेल्याच्या भिंतीतून आरपार बाहेर येतो. सहाचाकीला अशी ६ भोकं आणि आठचाकीला ८, आणि गाडी तरंगत असताना ही सगळीच्या सगळी पाण्याखाली असतात. प्रत्येक भोकात बेअरिंग आणि ऑइल सील, म्हणजे फिरत्या अ‍ॅक्सलभोवती पाणी अडवणारं रबरी कडं. अधिक खाली एक-दोन ड्रेनचे बूच. पाणी आत शिरायच्या वाटा या एवढ्याच, तिसरी म्हणजे उतारावरून पाण्यात वेगानं घुसलात तर पुढून लाट आत येते ती.

आता एक हिशोब करून दाखवतो कारण हा मला कुणी सांगितला नव्हता. २५ मिलिमीटरचा बूच निघालाय आणि तो पाण्याच्या पातळीखाली २० सेंटिमीटरवर आहे असं धरा, तर मिनिटाला साधारण ३५ लिटर पाणी आत येतं. १० मिनिटांत ३५० लिटर, म्हणजे ३५० किलो, म्हणजे पाच धडधाकट माणसं न सांगता गाडीत येऊन बसली. आणि माणसं निदान जागेवर बसतात, पाणी बसत नाही, गाडी जिकडं कलली तिकडं सगळं धावतं आणि अजून कलवतं. उलटायची भीती असते ती या डचमळण्याची, नुसत्या वजनाची नाही.

मग पंप किती मोठा घ्यायचा

पंपावर जीपीएच लिहिलेलं असतं, तासाला किती गॅलन, आणि हा गॅलन अमेरिकन असतो, ३.७८५ लिटरचा. ५०० जीपीएच म्हणजे तासाला १,८९० लिटर, मिनिटाला साडेएकतीस. पण हा आकडा पाणी अजिबात वर न चढवता, आखूड पाईपात, आणि चार्जिंग चालू असतानाच्या साधारण १३.६ व्होल्टला मोजलेला असतो. विहिरीवर मोटर बसवताना आपण आधी हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचंय, ते विचारतो की नाही, तसंच इथं. दोन फूट उंच चढवलं, पाईपाला दोन वळणं दिली, बॅटरी १२ व्होल्टवर आली, की ३१ चे २०-२२ च लिटर पडतात. म्हणजे वरचा निघालेला बूच ५०० च्या पंपाला झेपत नाही, सरळ गणित आहे. ११०० जीपीएच कागदावर मिनिटाला ६९ लिटर, प्रत्यक्षात ४५ च्या आसपास धरा, तो झेपवतो आणि वर थोडा हात राखून. बरेच लोक ५०० चा बसवतात कारण छोटा आहे, स्वस्त आहे. सील पाझरतायत एवढ्यापुरतं तो ठीक आहे, पण मी आता ११०० च्या खाली बसवत नाही, आणि जागा असेल तर पुढं एक ५०० चा वेगळ्या फ्यूजवर, वेगळ्या पाईपानं. दोन पंपांना एकच पाईप जोडून टी मारू नका, एकाचं पाणी दुसऱ्यातून परत आत येतं.

पंप मरीनचाच घ्या, पूर्ण बंद मोटरवाला, ज्यावर ठिणगीपासून सुरक्षित असल्याचं लिहिलेलं असतं. कूलरचा पंप, गाडी धुवायचा पंप, कारंज्याचा पंप असलं काही नको. कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती घमेल्याच्या तळाशीच साठते, आणि तुमचा पंप नेमका तिथंच बसलेला असतो. याच कारणानं साधा रिले किंवा उघडा स्विच तळाला ठेवायचा नाही.

बाकीचं सामान पुण्यात सगळं मिळतं. होज, एसएसचे म्हणजे स्टेनलेस स्टीलचे होज क्लॅम्प, रबर वॉशर बोहरी आळीत, वायर, लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी), हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी), फ्यूज होल्डर तापकीर गल्लीत, ऑइल सील आणि बेअरिंग नाना पेठेत, फक्त जुना पीस बरोबर न्या आणि नंबर दाखवा. पंपही पिशवीत घालून न्याच, कारण ११०० च्या पंपाचं तोंड साधारण २९ मिलिमीटर असतं आणि बाजारातला एक इंची बसत नाही, सव्वा इंची ढिला होतो. तिथंच चढवून बघायचं, घरी आल्यावर गरम पाण्यात घालून ओढाताण करण्यात अर्थ नाही. ५०० च्या पंपाला पाऊण इंची सरळ बसतो. क्लॅम्प एसएसचा म्हणून देतात पण स्क्रू लोखंडाचा असतो, खिशात चुंबक ठेवा आणि स्क्रूला लावून बघा.

जागा ठरवणं

पंप सगळ्यात खोल जागी हवा हे सगळ्यांना माहितीये, चूक होते ती खोल जागा जमिनीवर उभ्या गाडीत शोधण्यात. पाण्यावर गाडी वेगळी बसते. मागं दोघं बसले की ढुंगण खाली जातं आणि सगळं पाणी मागं. म्हणून गाडी नेहमीच्या वजनासकट गुडघाभर पाण्यात तरंगवा, आत मुद्दाम एक-दोन बादल्या पाणी ओता आणि मार्करनं खूण करा कुठं जमतं ते. दुसरी गोष्ट, घमेल्याच्या तळाशी फ्रेमचे आडवे पट्टे असतात, त्यामुळं तळाचे कप्पे होतात. पाणी पुढच्या कप्प्यात आणि पंप मागच्या कप्प्यात असं व्हायला नको. पट्ट्याखालून पाणी जायला वाट आहे का ते तार घालून बघा, बहुतेक वेळा तिथं वाळलेल्या चिखलाचं लिंपण झालेलं असतं.

पंप चेनपासून, ब्रेक डिस्कपासून आणि सायलेन्सरपासून लांब. हात घालून जाळी काढता आली पाहिजे, सीट खोलून दोन बोल्ट काढून मग जाळी असं केलंत तर ती जाळी वर्षभर कुणी साफ करणार नाही.

आणि आता महत्त्वाचं, पंप फिक्स करायला घमेल्याच्या तळाला स्क्रू मारू नका. एक मिलिमीटरचं का होईना, ते पाण्याखालचं नवीन भोक आहे. चिकटवायचा विचार असेल तर या प्लास्टिकला सिलिकॉन काय किंवा कुठलंही नेहमीचं अ‍ॅडेसिव्ह काय, धरतच नाही, गच्चीवरच्या टाकीची चीर एम-सीलनं भरून बघितली असेल त्याला माहिती आहे, आठवड्यात पापुद्रा सुटतो. मी ३ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी झेडसारखी वाकवतो, एक टोक फ्रेमच्या आडव्या पट्टीला आधीच असलेल्या बोल्टखाली, दुसऱ्या टोकावर पंपाच्या जाळीचा बेस छोट्या एसएस स्क्रूंनी. जाळीचा तळ घमेल्याला जवळजवळ टेकलेला पण दाबलेला नाही. पंप वरून टक्‌ करून बसतो, साफ करायला टक्‌ करून निघतो.

पाईप आणि बाहेरचं तोंड

या भागात सगळ्यात जास्त घोळ होतात म्हणून जरा थांबून वाचा. पाईप आतून गुळगुळीत हवा. वॉशिंग मशीनच्या ड्रेनसारखा वळ्यांचा पाईप वाकवायला सोपा असतो पण आतल्या वळ्यांवर पाणी अडतं आणि पंपाचा जोर तिथंच मरतो. पंपापासून वरपर्यंत पाईप सतत चढता पाहिजे, मधे कुठंही झोळ नको. झोळात पाणी राहिलं की पंपातली हवा वर निघू शकत नाही, आणि हा पंप सेंट्रीफ्यूगल असतो, म्हणजे आतला पंखा फिरून पाणी बाहेर फेकतो, हवा त्याला ढकलता येत नाही, नुसता फिरत राहतो. आमचं त्या दिवशी हेच झालं होतं. दर फूटभरावर पाईपाला क्लिप मारा. सायलेन्सरजवळून नेऊच नका, पीव्हीसी मऊ पडून चपटा होतो.

बाहेरचं तोंड जितकं वर काढता येईल तितकं वर, घमेल्याच्या काठाच्या लगेच खाली. बोटींना भरलेल्या पाणरेषेच्या फूटभर वर ठेवतात, आपल्या गाडीला तेवढा काठच पाण्यावर नसतो, म्हणून पाईप आधी काठापर्यंत वर नेऊन तिथं उलटा यू करायचा आणि मग थोडा खाली येऊन तोंडाला जोडायचा, आणि यूच्या माथ्यावर हवा घेणारी छोटी व्हेंटची फिटिंग. नाहीतर गाडी कलली, तोंड पाण्याखाली गेलं, पंप बंद झाला, की तेच पाणी सायफन होऊन उलटं आत. आपण स्कूटरमधून पेट्रोल नळीनं काढतो ना, अगदी तसंच, आणि थांबतच नाही.

लोक मग म्हणतात नॉन-रिटर्न लाव की. मी लावत नाही. प्रवाह कमी करतो, त्यात काडी अडकली की एकतर उघडाच राहतो किंवा बंदच, आणि त्याच्या वरचं पाणी पाईपात अडकून पुन्हा तो हवेचा प्रॉब्लेम. उंची आणि यू हाच खात्रीचा उपाय.

तोंड चाकाच्या मागं किंवा वर काढू नका, चाक चिखल भिरकावतं तो थेट तोंडात. आमच्या गाडीला आधीच्या मालकानं नेमकं मागच्या चाकाच्या वर काढलं होतं, मातीचा बोळा बसला होता आत. मागच्या भिंतीत वरच्या कोपऱ्यात काढा, तिथं बसल्या बसल्या मान वळवून पाणी पडतंय का ते दिसतंही. भोक होल सॉनंच, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीनंच पाडा, हळू स्पीडला, जास्त फिरवलं तर प्लास्टिक वितळून कडेला गोळा होतं. कड ब्लेडनं साफ करा. मग आतून बाहेरून दोन्ही बाजूंना रबर वॉशर, मधे ब्युटाईल टेपचं (मऊ चिकट रबरी पट्टीचं) वेटोळं, आणि नट हातानं घट्ट करून वर पाव फेरा. इथं पाणी अडवतो तो रबराचा दाब, चिकटपणा नाही, म्हणून जास्त आवळलंत तर प्लास्टिकच वाकून गळायला लागेल.

वायरिंग

बॅटरीच्या प्लसपासून वितभर अंतराच्या आत फ्यूज. वितभर म्हणजे वितभर, हात लांब नाही. फ्यूजच्या आधीची वायर कुठं घासली तर तिला अडवायला काहीच नसतं, आणि घमेल्यात प्लास्टिक आणि पेट्रोल दोन्ही आहे. फ्यूज किती अँपिअरचा ते पंपाच्या लेबलवर छापलेलं असतं, तोच टाका. पंख्यात काडी अडकली की मोटर थांबते आणि करंट कितीतरी पटीनं वाढतो, तेव्हा योग्य फ्यूज उडाला पाहिजे. सारखा उडतो म्हणून मोठा टाकणं म्हणजे मोटरचं रूपांतर शेगडीत करणं.

वायर तांब्याची, मिळाली तर कथिल चढवलेली, अडीच एमएमची. बॅटरी ते पंप ३ मीटर असेल तर जाऊन येऊन ६ मीटर, पाऊण एमएमच्या वायरीत ५ अँपिअरला पाऊण व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो, अडीच एमएममध्ये फक्त ०.२ व्होल्ट. १२ मधला पाऊण व्होल्ट गेला तर पंपाच्या धारेत डोळ्यांना फरक दिसतो.

स्विच तीन पोझिशनचा घ्या, ऑटो, बंद, मॅन्युअल. ऑटोची लाईन फ्लोट स्विचमधून (पाणी चढलं की तरंगून आपोआप चालू होणारा स्विच) पंपाला, आणि ही लाईन किल्लीच्या नंतर नाही तर फ्यूजमधून थेट बॅटरीवरून, म्हणजे गाडी बंद करून पाण्यावर उभी असली तरी पंप जागा राहतो. मॅन्युअलची लाईन फ्लोटला बगल देऊन थेट पंपाला. फ्लोट पंपाच्या तळापेक्षा थोडा वर बसवा, नाहीतर तळाला नेहमी राहणाऱ्या कपभर पाण्यावर तो डचमळून सारखा चालू-बंद होतो आणि बॅटरी उतरवतो. डॅशवर लाल दिवा पंपाच्या लाईनला समांतर जोडाच. इंजिनाच्या आवाजात पंप ऐकू येत नाही, आणि ऑटोवर पंप वारंवार चालतोय ही बातमी वेळेत मिळाली तर माणूस काठाकडं वळतो.

बऱ्याच पंपांना काळी मायनस आणि तपकिरी प्लस असते, आतच फ्लोट असलेल्या ऑटोमॅटिक पंपाला तिसरी तपकिरी-पांढरी पट्टेवाली, पण लेबल वाचूनच जोडा. उलटी जोडलीत तर साधा पंप उलटा फिरतो, पाणी देतो पण निम्मंशिम्मं, आणि लोक म्हणतात पंप कमजोर आहे. आतलं इलेक्ट्रॉनिक्स असलेला मात्र जळतोच.

जोड पिळून टेप गुंडाळून अजिबात नको. क्रिम्प केलेला लग किंवा बट कनेक्टर, त्यावर आतून गोंद असलेला हीट श्रिंक, आणि सगळे जोड काठाच्या जवळ, पाणी चढेल त्याच्या वर. पंपाची मूळ वायर आखूड असेल तर तीही वर आणून मगच जोडा.

झालं सगळं की टेस्ट. गाडी सपाट जागी, बूच लावलेले, आत ५-६ बादल्या पाणी. ऑटोवर आपोआप चालू झाला का, पाणी संपल्यावर बंद झाला का. मग पुन्हा पाणी घालून मॅन्युअलवर, बाहेरच्या तोंडाखाली १५ लिटरची बादली धरा आणि मोबाईलवर वेळ लावा. ११०० चा पंप बादली २० सेकंदांच्या आसपास भरतो, ५०० चा ४० ते ४५. आलेली वेळ आणि मीटरवरचा करंट पेनानं फ्यूजच्या झाकणावर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी वेळ वाढली असेल तर जाळी, पाईप, वायर यातलं काहीतरी बिघडलंय. करंट वाढला असेल तर पंख्यात काहीतरी अडकतंय, कमी झाला असेल तर पंप हवा ढवळतोय.

वर्षभराची देखभाल, आणि त्यात सगळ्यात आधी अ‍ॅक्सल

पंप सारखा चालतोय याचं कारण दहापैकी नऊ वेळा सील असतं, आणि सील जातं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे अ‍ॅक्सलला गुंडाळलेली तंगूस, मासे धरायच्या जाळ्याचा नायलॉन दोरा. बॅकवॉटरला जाळी टाकतात, तुटलेली जाळी काठाच्या चिखलात पडलेली असते, चाकाबरोबर फिरत फिरत ती तंगूस सीलच्या ओठाखाली जाते आणि करवतीसारखी कापते. गवताचंही तेच. प्रत्येक फेरीनंतर चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून बघा, महिन्यातून एकदा चाक काढून. दुसरं कारण, ग्रीस न देणं किंवा कसंही देणं. पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी ग्रीस द्या, उद्यावर टाकलंत तर रात्रभर बेअरिंगमध्ये पाणी बसून राहतं. वॉटरप्रूफ मरीन ग्रीस, हातगननं, हळूहळू, चाक फिरवत. आधी पाण्याचं पांढुरकं ग्रीस बाहेर येतं, मग स्वच्छ दिसलं की थांबा. जोरात ढोसलं किंवा हवेच्या गननं दिलं तर ग्रीसच्या दाबानं सील जागेवरून बाहेर सरकतं. निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, पुसूनच गन लावायची, निपलवरची माती आत ढकलली जाते.

कुठलं सील गळतंय ते शोधायचा सोपा मार्ग म्हणजे उलटं करा. गाडी कोरड्या जागी, आत अ‍ॅक्सलच्या वर येईल इतकं पाणी भरा, खाली पुठ्ठे पसरा आणि अर्धा तास चहा प्या. जिथला पुठ्ठा ओला तिथलं सील. चाक वर-खाली हलवून खेळ लागत असेल तर नुसतं सील बदलू नका, बेअरिंगही बदला, नाहीतर हलणारा अ‍ॅक्सल नवीन सीलही महिन्यात खाऊन टाकतो.

चेन घमेल्याच्या आत असतात म्हणून लोकांना दिसत नाहीत आणि विसरल्या जातात. पाणी-माती लागून गंजतात, ताणतात, आणि ढिली चेन स्प्रॉकेटवरून उडी मारताना फट्‌ आवाज येतो. तणाव प्रत्येक चेनचा वेगळा बघा. किती झिजली ते मोजायचं असेल तर २० कड्या मोजा. पाच सुती पिचची, म्हणजे एक कडी ५/८ इंचाची असलेली चेन नवीन असताना २० कड्यांना ३१७.५ मिलिमीटर भरते, ३२७ च्या पुढं गेली म्हणजे ३ टक्के वाढली, बदला. जुन्या स्प्रॉकेटचे दात शार्कच्या दातासारखे वाकलेले असतील तर तेही बरोबरच बदला.

या गाडीला स्टिअरिंगची चाकं नसतात, एका बाजूला ब्रेक लागून गाडी वळते, त्यामुळं एका बाजूची चेन ढिली किंवा एका बाजूच्या टायरात हवा कमी असली तर पाण्यात ती सारखी एकीकडं ओढते. टायरची हवा फार कमी असते, ३ ते ५ पीएसआयच्या घरात, कंपनीच्या पुस्तकात बघून तेवढीच, आणि पेट्रोल पंपावरचं गेज इतकं कमी नीट दाखवत नाही, कमी दाबाचं वेगळं गेज घ्या.

आत जास्त पाणी चढलं होतं असा प्रसंग आला तर इंजिन सुरू करायची घाई नको. एअर फिल्टर उघडून बघा, ओला असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन आधी हातानं फिरवा. गिअरबॉक्सचं तेल काढून बघा, ताकासारखं दिसलं तर पाणी गेलंय, तेल बदला, एकदा चालवून पुन्हा बदला. बेल्टच्या कव्हरमध्ये पाणी असेल तर काढा, ओला बेल्ट सटकतो आणि गाडी रेस होऊन जागेवरच राहते.

तेलावरून आठवलं, आणि हे मला फार लागतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर हे पाणी आपणच पितो, अख्खं पुणे पितं. घमेल्यात तेल, ग्रीस, पेट्रोल सांडलेलं असेल आणि पंप चालला तर ते थेट धरणात. म्हणून इंजिनाखाली तेल शोषणारा पॅड ठेवा, तो जाळीत येणार नाही असा बांधून, आणि पाण्यात उतरण्याआधी तळ पुसून घ्या. पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय धरणात उतरूच नका, आणि गाडी तिथवर ट्रेलरवरच न्या, ही रस्त्यावर चालवायची गाडी नाही.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचा विसर्ग वाढल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतर मला कितीतरी जणांनी विचारलं की असली गाडी पुरात उपयोगी पडेल का. साचलेल्या पाण्यात पडेल. वाहत्या पाण्यात घालू नका, कळकळीनं सांगतो. चाकांच्या जोरावर ही पाण्यात ताशी ४-५ किलोमीटर जाते, मुठेला सोडलेलं पाणी त्याच्या कितीतरी वेगात असतं, गाडी पुढं तोंड करून मागं जाईल. ते काम सुदुंबऱ्याच्या एनडीआरएफच्या जवानांचं आणि त्यांच्या बोटींचं.

पाण्यात उतरायच्या आधी मी तोंडानं मोठ्यानं मोजतो: बूच एक, बूच दोन, पंप मॅन्युअलवर पाच सेकंद, दिवा लागला, जाळी हातानं चाचपली, लाईफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, पाणी उपसायचा डबा दोरीनं बांधलेला. बूच कधी अर्धा लावून ठेवायचा नाही, एकतर पूर्ण घट्ट किंवा काढून किल्लीला अडकवलेला. आम्ही किल्लीच्या रिंगला छोटी साखळी लावलीये, बूच काढला की त्यात अडकवायचा, म्हणजे किल्ली हातात घेतली की बूच लावायचा राहिलाय हे दिसतंच. उतारावरून सरळ आणि हळू उतरा, तिरकं नाही.

दिवाळीनंतर गाडी उभी राहते तेव्हा बूच काढून, नाक थोडं वर करून ठेवा, पाणी सगळं निघून जातं. बॅटरीची मायनस काढा. महिन्यातून एकदा पंप काढून बादलीत बुडवून मिनिटभर चालवा, वाळलेल्या गाळानं पंखा जाम होतो आणि ते जूनमध्ये कळून उपयोग नाही. कोरडा चालवत ठेवू नका, सील तापतं. आणि उंदीर बघा. शेडमधल्या गाडीच्या फ्लोटची वायर त्यांनी आमच्याकडं दोनदा कुरतडलीये, म्हणून आता ती पूर्ण वायर मी लवचिक नळीतून नेतो आणि नळीची दोन्ही तोंडं टेपनं बंद करतो.